हवेतून नत्र पडूनही झाड उपाशी का राहते? सूचिपर्णी जंगलांची माती आणि हवेचे प्रदूषण

रेगूर (परभणी)

आम्लवर्षेविषयी इथे मागे झालेल्या चर्चेत बहुतेकांनी ‘युरोपातील जंगले आम्लाच्या पावसाने होरपळली’ एवढे सांगून विषय संपवला होता. पानांवर थेट मारा होऊन झाडे मेली, हे काही ठिकाणी घडले खरे. परंतु त्या प्रदूषणाचा सर्वांत खोल आणि सर्वांत हट्टी परिणाम मातीत झाला, आणि तो समजून घ्यायचा तर अन्नद्रव्यांच्या चक्रापासून सुरुवात करावी लागते. मराठवाड्यात एकही सूचिपर्णी जंगल नाही. तरीही माती परीक्षणाचा अहवाल हातात घेऊन सामू (pH), सेंद्रिय कर्ब आणि उपलब्ध पालाश (पोटॅशियम) वाचण्याची सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे, त्यामुळे विषय परका वाटू नये.

स्प्रूस, पाइन, फर ही झाडे उत्तर युरोपात आणि उत्तर अमेरिकेत ज्या जमिनीवर उभी आहेत, ती बहुतेक ठिकाणी मुळातच हलकी आहे. हिमनद्यांनी खरवडलेला ग्रॅनाइट, वाळू किंवा वालुकाश्म यांपासून ती बनलेली असून तिच्यात चुना जवळजवळ नसतो. वरून पडणारा पाचोळा सुयांचा असतो. त्यात राळ आणि लिग्निन (लाकडातला चिवट, लवकर न कुजणारा पदार्थ) भरपूर, कॅल्शियम कमी. थंडी आणि आम्लता यांमुळे तेथे गांडुळे फारशी टिकत नाहीत, कुजवण्याचे काम मुख्यतः बुरशी करते, आणि ते इतके सावकाश चालते की जमिनीवर अर्धवट कुजलेल्या सुयांचा जाड थर साचत जातो. झाडाच्या बारीक मुळ्यांची गर्दी प्रामुख्याने याच थरात आणि त्याच्या लगेच खाली असते. खडक झिजून मिळणारे कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पालाश तुटपुंजे असल्यामुळे जे एकदा झाडात आले तेच सुयांतून जमिनीवर, तेथून बुरशीत, बुरशीतून मुळात आणि पुन्हा झाडात असे फिरत राहते. शेकडो वर्षे ही जंगले या काटकसरीवर जगली.

कोळशातून निघणाऱ्या गंधकाच्या धुराने पहिला घाव या काटकसरीवर घातला. सल्फर डायऑक्साइडपासून हवेत गंधकाम्ल तयार होते आणि ते पावसातून, धुक्यातून किंवा कोरडेच सुयांवर बसून जमिनीवर उतरते. मातीच्या व ह्यूमसच्या कणांवर ऋण भार असतो आणि त्या भाराला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश चिकटून असतात. आम्लातला हायड्रोजन त्यांची जागा घेतो. सुटलेले कॅल्शियम मूळ उचलीपर्यंत तेथेच राहिले असते तर फारसे बिघडले नसते, परंतु सोबत सल्फेट आलेले असते. सल्फेट ऋण भाराचे. ते पाण्याबरोबर खाली निघाले की भार जुळवण्यासाठी कोणतातरी धन भाराचा सोबती घेऊनच जाते, आणि हा सोबती बहुधा कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असतो. कणगी वरून भरलेली दिसावी आणि तळाच्या भोकातून दाणा रोज गळत राहावा, तशी ही गळती अनेक दशके चालू राहिली. स्वीडनमध्ये १९२७ साली सामू मोजून ठेवलेल्या जंगलांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा मोजणी झाली, तेव्हा तो खालच्या थरांतही घटलेला, म्हणजे माती अधिक आम्ल झालेली आढळली. वरच्या थरातली घट झाडांच्या वाढत्या वयामुळेही होऊ शकते, कारण वाढणारे झाड स्वतःच माती आम्ल करते. खालच्या थरातली घट मात्र हवेतून आलेल्या आम्लाशिवाय नीट समजावून सांगता येत नाही.

सामू साधारण ४.२ च्या खाली गेला की चिकणमातीच्या खनिजांतले ॲल्युमिनियम विरघळू लागते. जर्मनीत ग्योटिंगेनच्या बेर्नहार्ड उलरिश यांनी झोलिंग पठारावरील स्प्रूस आणि बीचच्या जंगलांत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जी मोजमापे केली, त्यांतून हा मुद्दा ठळकपणे पुढे आला. ॲल्युमिनियम बारीक मुळ्यांना इजा करते, शिवाय मुळाच्या तोंडाशी कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची वाट अडवते. म्हणजे आधी साठा घटतो, आणि उरलेला साठाही झाडाला घेता येत नाही.

नत्राचा भाग याहून गुंतागुंतीचा आहे. त्यावर उदगीरची लेक यांनी लिहावे अशी विनंती करतो, कारण त्या सध्या जर्मनीच्या त्याच भागात राहतात.

मोसंबीबाग (जालना)

रेगूर सर, एक शंका आहे. आमच्या बागेत पाने पिवळी पडतात तेव्हा आपल्या कृषी विद्यापीठाचे तज्ज्ञ सांगतात की जमिनीत चुनखडी जास्त असल्याने लोह असूनही झाडाला मिळत नाही. म्हणजे आमच्याकडे चुना जास्त झाल्यामुळे झाड पिवळे पडते, आणि तुम्ही सांगता त्या जंगलात चुना संपल्यामुळे. दोन्हीकडचे पिवळेपण सारखेच दिसते का?

रेगूर (परभणी)

सारखे दिसत नाही, आणि फरक डोळ्यांनी ओळखता येतो. मोसंबीत लोह कमी पडले की आधी कोवळी पालवी पिवळी होते, शिरा हिरव्या राहतात आणि जुनी पाने बरी दिसतात. लोह झाडाच्या आत जुन्या पानातून नव्या पानात सहजासहजी हलत नाही, हे त्याचे कारण. मॅग्नेशियमचे वागणे उलटे आहे. बव्हेरियातील फिश्टेलगेबिर्गे या डोंगरभागात १९८० च्या दशकात स्प्रूस पिवळे पडू लागले, तेव्हा फांदीच्या टोकाचा त्या वर्षीचा कोंब हिरवागार आणि त्याच्या मागच्या, जुन्या सुया सोनेरी पिवळ्या, असे चित्र दिसत होते. नव्या सुयांना मॅग्नेशियम पुरवण्यासाठी झाड ते जुन्या सुयांतून काढून घेत होते. त्यातही सुईची उन्हाकडची बाजू पिवळी आणि सावलीत राहिलेली बाजू हिरवट असे, कारण मॅग्नेशियम कमी पडलेल्या सुईत उन्हाने हरितद्रव्याची हानी जास्त होते.

याच झाडांच्या सुया प्रयोगशाळेत तपासल्या असता नत्र पुरेसे भरले. मॅग्नेशियमचा पुरवठा मागे पडला होता आणि नत्रामुळे वाढ पुढे धावत होती.

उदगीरची लेक (सध्या जर्मनीत)

रेगूर सरांनी नाव घेतले म्हणून सविस्तर लिहिते. मी राहते तेथून हार्त्सचे डोंगर जवळ आहेत. तेथे स्प्रूसखाली हाताने उकरले की वर गेल्या वर्षीच्या तपकिरी, सुट्या सुया लागतात. त्यांच्याखाली तुटलेल्या, एकमेकींना पांढऱ्या बुरशीच्या धाग्यांनी शिवलेल्या सुयांचा थर येतो. आणि त्याखाली बोटांना काळी, ओलसर, लोण्यासारखी चिकट माती लागते, जिच्यात सुई ओळखता येत नाही. त्यानंतर एकदम राखी, धुतल्यासारखी वाळू लागते. लोह आणि ॲल्युमिनियम तिच्यातून झिरपून खाली उतरलेले असते, म्हणून तिला रंगच उरलेला नसतो. पांढऱ्या धाग्यांच्या त्या थराकडे लक्ष ठेवा, कारण नत्राची गोष्ट तेथेच घडते.

नत्र हवेतून दोन रूपांत येते. वाहने आणि कारखाने नायट्रोजन ऑक्साइड सोडतात, तर शेणमूत्र आणि खते अमोनिया सोडतात. अमोनिया स्वतः अल्कधर्मी आहे, त्यामुळे तो आम्लता कमी करील असे वाटते. परंतु मातीत जिवाणू अमोनियमचे नायट्रेट करतात तेव्हा हायड्रोजन सुटतो, आणि ते नायट्रेट मुळांनी न घेता पाण्याबरोबर निघून गेले की आम्लता मातीतच मागे राहते. नेदरलँड्सच्या दक्षिण भागात डुकरे आणि कोंबड्यांचे मोठे गोठे वाळूच्या जमिनीवरील पाइनच्या जंगलांना लागून आहेत. १९८० च्या दशकात तेथील काही जंगलांत पानांखालून टिपलेल्या पाण्यात वर्षाला हेक्टरी ४० ते ६० किलो नत्र मोजले गेले. आपल्याकडे सोयाबीनला हेक्टरी ३० किलो नत्राची शिफारस असते, यावरून हा आकडा किती मोठा आहे ते कळेल. आणि हे नत्र कोणी मागितलेले नव्हते, पीक काढून बाहेर नेलेही जात नव्हते.

सूचिपर्णी झाडांवर हा मारा जास्त होतो याला त्यांची रचना कारणीभूत आहे. बीचची पाने हिवाळ्यात गळून जातात, स्प्रूसच्या सुया बारा महिने राहतात, आणि कोळसा जास्त जळतो तो हिवाळ्यातच. बारीक सुयांचा दाट पसारा धुके आणि धूळ गाळून घेतो. त्यामुळे मोकळ्या मैदानातील पर्जन्यमापकात जेवढे गंधक किंवा नत्र सापडते, त्याच्या दुप्पट-तिप्पट स्प्रूसखालच्या नरसाळ्यात सापडू शकते.

एवढे नत्र आले की सुरुवातीला झाड जोमाने वाढते. १९८९ मध्ये अमेरिकेतील जॉन एबर आणि सहकाऱ्यांनी ‘नत्र-संपृक्तता’ ही कल्पना मांडली. जंगल आधी नत्र शोषत राहते, नंतर सुयांतील नत्र वाढते, पुढे झाड व जिवाणू दोघांचीही भूक भागते, आणि अखेर झऱ्याच्या पाण्यात नायट्रेट दिसू लागते. युरोपातील अनेक जंगलांची मोजमापे एकत्र पाहिल्यावर असे दिसले की हेक्टरी वर्षाला १० किलोंपेक्षा कमी नत्र पडत असेल तर नायट्रेट फारसे गळत नाही, २५ किलोंच्या वर गेले की गळती जवळपास ठरलेली असते, आणि मधल्या पट्ट्यात काय होईल ते मातीच्या अवस्थेवर अवलंबून असते. वरच्या सेंद्रिय थराचे कर्ब-नत्र गुणोत्तर २५ च्या खाली आले असेल तर धोका मोठा, असा एक कामचलाऊ निकष त्यातून मिळाला. नायट्रेटही ऋण भाराचे असल्यामुळे सल्फेटप्रमाणेच तेही जाताना कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन जाते.

आता त्या पांढऱ्या धाग्यांविषयी. स्प्रूस-पाइनची मुळे मायकोरायझा बुरशीशी जोडलेली असतात. झाड बुरशीला साखर देते. बुरशी दूरवर पसरून नत्र, स्फुरद आणि पाणी आणून देते, खनिजांचे कण विरघळवून त्यांतून अन्नद्रव्ये सोडवण्यातही तिचा हात असतो. नत्र आयतेच मिळू लागले की झाड बुरशीला जाणारी साखर कमी करते. नेदरलँड्समध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पिवळ्या शँटरेलसारख्या खाद्य अळंब्या जंगलांतून झपाट्याने कमी झाल्या, त्याचे एक मोठे कारण हेच मानले जाते. नत्र मिळते, पण स्फुरद आणि पालाश आणणारा सेवकच कामावरून कमी केला जातो. शिवाय अमोनियम सुयांवर बसले की सुयांतील पालाश आणि मॅग्नेशियम त्याच्या बदल्यात बाहेर धुपतात. या चर्चेच्या शीर्षकातील प्रश्नाचे माझ्या मते उत्तर हे आहे: झाडाला एकच घास पोटभर मिळतो आणि बाकीचे ताट रिकामे होत जाते.

सागवान (किनवट)

वनखात्यात आयुष्य गेले, म्हणून तुलना करण्याचा मोह आवरत नाही. आमच्याकडच्या सागाच्या जंगलात फेब्रुवारी-मार्चमध्ये पडलेले पान वणव्यातून वाचलेच तर वाळवी आणि पहिले दोन पावसाळी महिने त्याची चाळणी करून टाकतात, आणि सागाच्या पानात कॅल्शियमही चांगले असते. त्यामुळे वर्षानुवर्षे साचलेला पाचोळ्याचा गादीसारखा थर आमच्याकडच्या मंडळींनी पाहिलेलाच नसतो. जाता जाता सांगतो, रस्त्याकडेच्या सुरूला पुष्कळजण पाइन समजतात. सुरू सूचिपर्णी नव्हे, आणि त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे जिवाणू हवेतील नत्र बांधतात, म्हणजे त्याची नत्राची सोय पूर्णपणे वेगळी आहे.

माझी शंका ताईंना आहे. उसाचे पाचट लवकर कुजावे म्हणून आपण त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतो. त्या न्यायाने नत्र पडल्यावर सुयांचा थर भराभर कुजायला हवा. तसे होते का?

उदगीरची लेक (सध्या जर्मनीत)

काका, प्रश्न अगदी मर्मावर आहे. सुरुवातीचे काही महिने तसेच होते: साखर, सेल्युलोज हे सोपे पदार्थ संपवणाऱ्या जिवाणूंना आणि बुरशीला नत्र मिळाले की कुजण्याचा वेग वाढतो. पाचटात आपले काम याच टप्प्यात बरेचसे उरकते. सुईत मात्र पुढे लिग्निन उरते, आणि ते फोडणारी बुरशी नत्राची टंचाई असताना जास्त मेहनत करते. नत्र मुबलक झाले की लिग्निन फोडणारी विकरे (एन्झाइम) कमी तयार होतात, शिवाय नत्र लिग्निनच्या अवशेषांशी जोडले जाऊन आणखी चिवट पदार्थ बनतात. म्हणून नत्र पडणाऱ्या जंगलांत कुजण्याचा पहिला टप्पा वेगवान आणि शेवटचा टप्पा मंद, असे दिसते. काही ठिकाणी त्यामुळे जमिनीत कर्ब जास्त साठतो, ही गोष्ट हवामानाच्या दृष्टीने चांगली म्हणता येईल. पण त्या साठ्यात कॅल्शियम, स्फुरद अडकून पडतात ही तिची दुसरी बाजू.

जड धातूंमुळे कुजणे जवळपास थांबल्याची उदाहरणेही आहेत. स्वीडनमधील गुसुम येथे पितळेचा जुना कारखाना होता. त्याच्या आसपास मातीत तांबे आणि जस्त साचले आणि जितके कारखान्याच्या जवळ जावे तितका न कुजलेल्या सुयांचा थर जाड आढळला. सेंद्रिय स्फुरद मोकळे करणाऱ्या फॉस्फेटेज विकराचे कामही तेथे मंदावलेले होते. रशियातील मोंचेगोर्स्क आणि कॅनडातील सडबरी येथील निकेल-तांबे भट्ट्यांभोवती तर झाडेच नाहीशी झाली.

शंकासुर (लातूर)

सर्वांचे म्हणणे वाचले. एक आक्षेप आदरपूर्वक नोंदवतो. १९८० च्या दशकात जर्मनीत ‘जंगल मरते आहे’ असा कल्लोळ झाला होता आणि शतकाअखेर मोठा भाग ओसाड होईल असे सांगितले जात होते. तसे झाले नाही. उलट युरोपातील जंगलांची वाढ विसाव्या शतकात वेगाने झाली असे नंतरच्या पाहण्यांतून दिसले. मग मातीचा हा सारा सिद्धांत भीतीपोटी फुगवलेला नव्हता का?

रेगूर (परभणी)

आक्षेप योग्य आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. उलरिश यांनी वर्तवलेली व्यापक पडझड झाली नाही, आणि ॲल्युमिनियम हेच एकमेव कारण मानणे आज कोणी मान्य करणार नाही. परंतु तुम्ही दिलेल्या वाढीच्या पुराव्यातच उत्तराचा एक भाग आहे, कारण ती वाढ घडवणाऱ्या कारणांपैकी हवेतून पडलेले नत्र हे एक होते. वाढ होत असताना साठा कमी होत राहतो, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. फक्त युरियावर दोन-चार वर्षे काढलेले हिरवेगार पीक पाहून जमीन सुधारली असे आपण म्हणत नाही.

दुसरे असे की भाकीत खोटे ठरण्याला काही प्रमाणात त्या कल्लोळानंतर झालेली कारवाईही कारणीभूत आहे. १९७९ मध्ये जिनिव्हात देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या वायुप्रदूषणाविषयी करार झाला, १९८३ मध्ये पश्चिम जर्मनीने मोठ्या भट्ट्यांच्या धुरातून गंधक काढणे बंधनकारक केले, १९८५ मध्ये हेलसिंकीत गंधकाचे उत्सर्जन ३० टक्क्यांनी घटवण्याचे ठरले. जेथे हे उशिरा झाले तेथे भाकीत खरे ठरलेले दिसते. चेक, पोलिश आणि पूर्व जर्मन सीमेवरील ‘काळा त्रिकोण’ म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रदेशात तपकिरी कोळशाच्या धुराने डोंगरमाथ्यावरील स्प्रूसची विस्तीर्ण जंगले प्रत्यक्ष मेली.

आणि परिणाम झाडांपुरता थांबला नाही, याचे मला आवडणारे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. तेथील गरीब, आम्ल जमिनीवरील जंगलांत ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या अंड्यांची कवचे पातळ आणि सच्छिद्र होऊ लागली. शोध घेतल्यावर कळले की मातीतील कॅल्शियम घटल्यामुळे गोगलगायी कमी झाल्या होत्या, आणि कवचासाठी लागणारा चुना हे पक्षी गोगलगायींच्या शिंपल्यांतूनच मिळवत होते.

शंकासुर (लातूर)

पक्ष्यांचे उदाहरण माहीत नव्हते. वाढ आणि साठा यांतला फरक मान्य आहे. मात्र माती आता सुधारली की नाही, यावर कोणी लिहिलेले नाही.

अभ्यासिका (बीड)

स्पर्धा परीक्षेची तयारी करते, म्हणून दोन प्रश्न विचारते. पहिला, या विषयात ओझोनचा संबंध कसा येतो? आणि दुसरा, परळीसारख्या कोळशाच्या वीज केंद्राभोवती आपल्याकडेही मातीतील कॅल्शियम असेच धुऊन जाईल का?

रेगूर (परभणी)

ओझोनविषयी थोडक्यात. लॉस एंजलिसच्या पूर्वेला सॅन बर्नार्डिनो डोंगरांत पाँडेरोसा पाइनची जंगले आहेत आणि शहराचे ओझोनयुक्त धुरके वाऱ्याबरोबर त्यांच्यावर जाते. ओझोनमुळे सुया वेळेआधी गळतात, झाडाला मुळांकडे साखर पाठवणे परवडत नाही, बारीक मुळे घटतात. त्याच हवेतून नत्रही पडत असल्यामुळे जमिनीवर नत्रयुक्त सुयांचे जाड थर साचतात, आणि कोरड्या उन्हाळ्यात आगीला ते आयते सरपण होते. ओझोन थेट मातीत काही करत नाही, झाडामार्फत करतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘त्या पद्धतीने नाही’ असे आहे. आपली काळी जमीन बेसॉल्टपासून बनलेली, चिकणमाती भरपूर, धन आयन धरून ठेवण्याची क्षमता मोठी, आणि नांगरताना चुनखडीचे खडे वर येतात. आम्ल आले तर आधी तो चुना खर्ची पडेल. सामू ८ वरून ४.२ पर्यंत घसरेल अशी ती जमीन नव्हेच. भारतीय कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का, म्हणजे कमी, आणि राख प्रचंड असते. शिवाय आपल्या पावसात मातीची कॅल्शियमयुक्त धूळ मिसळलेली असल्याने देशाच्या बहुतेक भागांत पाऊस आम्लधर्मी नसतो. ईशान्य भारत आणि काही औद्योगिक परिसर हे अपवाद. कोळशाच्या केंद्राभोवतीच्या शेतकऱ्याने राखेकडे जास्त लक्ष द्यावे, कारण पानावर बसलेली राख सूर्यप्रकाश अडवते आणि पानाची रंध्रे बुजवते. तो प्रश्न खरा आहे, पण या चर्चेचा नाही.

भारतात हा विषय लागू करायचाच असेल तर हिमालयातील चीड पाइन आणि देवदाराकडे पाहावे लागेल. त्यांच्या पायथ्याशी असलेले गंगेचे मैदान उपग्रहांच्या मोजणीत अमोनियाच्या जगातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक दिसते. धुळीमुळे तेथे आम्लता दबून राहू शकते; परंतु नत्राचा भार धुळीने कमी होत नाही, म्हणून तेथे सल्फेटपेक्षा नत्राची बाजू तपासणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

मोसंबीबाग (जालना)

शंकासुर यांचा प्रश्न राहिला आहे. आणि साधी गोष्ट: चुना संपला असेल तर चुना टाकावा. जंगलात ते करत नाहीत का?

उदगीरची लेक (सध्या जर्मनीत)

करतात. जर्मनीत १९८० च्या दशकापासून हेलिकॉप्टरमधून डोलोमाइटची भुकटी जंगलांवर टाकली जाते, एका वेळी साधारण हेक्टरी तीन टन. डोलोमाइट निवडण्याचे कारण त्यात कॅल्शियमसोबत मॅग्नेशियमही असते. त्याने सुयांचे पिवळेपण कमी होते आणि गांडुळे परततात. परंतु वरच्या थराची आम्लता एकदम घटली की साचलेले सेंद्रिय पदार्थ भराभर कुजून त्यातले नत्र नायट्रेट होऊन झऱ्यात उतरू शकते, शिवाय खोलवरच्या मातीपर्यंत चुना पोहोचायला फार काळ लागतो.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधील हबर्ड ब्रूक येथे १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये एका पूर्ण पाणलोटावर वोलास्टोनाइट हे सावकाश विरघळणारे कॅल्शियम सिलिकेट टाकण्यात आले. हे पाणलोट बहुतांशी रुंदपर्णी झाडांचे आहे, पण माथ्यावर लाल स्प्रूस आहे. लाल स्प्रूसच्या सुयांच्या पेशीपटलांवरचे कॅल्शियम आम्ल धुक्याने धुपते आणि त्यामुळे सुया कडाक्याच्या थंडीत गोठून तांबड्या पडतात. २००३ च्या हिवाळ्यात त्या भागात ही इजा मोठ्या प्रमाणावर झाली, तेव्हा कॅल्शियम मिळालेल्या पाणलोटातील स्प्रूसना शेजारच्यांपेक्षा ती कमी झाली. मात्र साधारण दशकभरानंतर त्याच पाणलोटाच्या ओढ्यात नायट्रेट वाढल्याचेही आढळले. उपाय केला की चक्राचा दुसरा कोपरा हलतो.

माती आपोआप किती सावरते, हे पाहण्यासाठी स्वीडनमध्ये गोर्दशॉन येथे १९९१ मध्ये साधारण दीड एकराच्या स्प्रूसच्या पाणलोटावर झाडांच्या शेंड्यांखाली पारदर्शक छत घालण्यात आले आणि छताखालून प्रदूषणापूर्वीच्या पावसासारखे पाणी शिंपडण्यात आले. सल्फेटचे प्रमाण लवकर घटू लागले, पण मातीने आधी धरून ठेवलेले सल्फेट वर्षानुवर्षे सुटत राहिल्यामुळे आम्लता त्या वेगाने उतरली नाही. युरोपात गंधकाचे उत्सर्जन १९८० च्या तुलनेत ८० टक्क्यांहून अधिक घटले आहे. ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडातील जंगलांत जुन्या जागी पुन्हा माती तपासली असता वरच्या सेंद्रिय थरातील ॲल्युमिनियम कमी झालेले दिसते. कॅल्शियमचा साठा मात्र सर्वत्र परतलेला नाही, कारण तो खडक झिजण्याच्या गतीनेच भरणार. अमोनिया तर गंधकाइतका घटलेलाच नाही. नेदरलँड्समध्ये २०१९ च्या न्यायालयीन निकालानंतर गोठे कमी करण्यावरून शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले, तो वाद याच नत्राचा. आणि २०१८ नंतरच्या दुष्काळात हार्त्समधले स्प्रूस खोडकिड्याने उभेच्या उभे वाळले, त्यामुळे जेथे नत्र घेणारी मुळेच उरली नाहीत तेथे साचलेले नायट्रेट आता पाण्यात उतरण्याची भीती आहे.

मोसंबीबाग (जालना)

ताई, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. एक शेवटचे विचारतो. हवेतले गंधक घटले तर पिकांना ते कमी पडत नाही का? आम्ही सोयाबीनला गंधक वेगळे देतो.

रेगूर (परभणी)

पडते, आणि पडले. धूर स्वच्छ झाल्यानंतर १९९० च्या दशकात इंग्लंड-जर्मनीत मोहरीच्या कुळातील रेपसीडच्या पिकावर गंधकाची कमतरता दिसू लागली आणि तेथील शेतकरी गंधकयुक्त खते विकत घेऊ लागले. तोपर्यंत ते आकाशातून फुकट येत होते. आपल्याकडे सोयाबीनमध्ये गंधक कमी पडण्याचे कारण धुराशी निगडित नाही. सिंगल सुपर फॉस्फेट सोडून डीएपीकडे वळल्यामुळे खतातून येणारे गंधक बंद झाले, आणि सेंद्रिय कर्बही घटला. पेरणीपूर्वी माती परीक्षणाला नमुना देताना उपलब्ध गंधक मुद्दाम मोजून घ्या, कारण नेहमीच्या अहवालात ते प्रत्येक वेळी असतेच असे नाही.